स्ट्रीट हॉक, टँजरीन ड्रीम आणि बँड सोडून गेलेला फ्रांके

मंद्रसप्तक

दूरदर्शनवर 'स्ट्रीट हॉक' बघितलेली पिढी इथे बरीच आहे, म्हणून हा धागा. ती काळी मोटरसायकल, जेसी मॅक, नॉर्मन टटल, हायपरथ्रस्ट, सगळं लोकांना पाठ असतं. पण सुरुवातीला ते धडधडत येणारं संगीत कोणाचं, असं विचारलं की सगळे गप्प. ते टँजरीन ड्रीम या पश्चिम बर्लिनच्या बँडचं. १९८५ च्या त्यांच्या 'ल पार्क' अल्बममध्ये ते अख्खं ऐकायला मिळतं. बाकीचे तुकडे जगातल्या बागा-उद्यानांवर आहेत. पॅरिसचं बोआ द बुलोन्य, बर्लिनचं टीअरगार्टन, क्योतोची झेन बाग, आणि मध्येच लॉस एंजेलिसची ही फटफटी.

टँजरीन ड्रीम म्हटलं की लोक एडगर फ्रोझेचं नाव घेतात. बरोबरच आहे. बँड काढला त्याने आणि जानेवारी २०१५ मध्ये जाईपर्यंत चालवलाही त्यानेच. पण ज्या आवाजावरून हा बँड दोन सेकंदांत ओळखू येतो, तो खाली सतत पळणारा स्वरांचा पट्टा, तो क्रिस्टोफर फ्रांकेचा. जन्म १९५३, बर्लिन. मूळचा ड्रमर. आधी ॲजिटेशन फ्री नावाच्या बँडमध्ये होता. १९७१ च्या सुरुवातीला टँजरीन ड्रीममध्ये आला तेव्हा अठराही पूर्ण नव्हती. त्याच्याआधी त्या ड्रमच्या मागे कोण बसत होतं? क्लाउस शुल्त्से, पुढे इलेक्ट्रॉनिक संगीतात स्वतःच मोठा झालेला. म्हणजे ती खुर्चीच भलत्या पायगुणाची.

१९८७ पर्यंत तो राहिला. मग बाहेर पडला, लॉस एंजेलिसला गेला आणि चित्रपट, मालिका यांत रमला.

आता मुद्दा. माझ्या मते बँड सोडून त्याचं नुकसान झालं. 'युनिव्हर्सल सोल्जर' हा चित्रपट, 'बॅबिलॉन ५' ही अंतराळावरची मालिका, ही कामं नेटकी आहेत, पण सत्तरीतला तो हात त्यांत दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि नवीन माणसाने ऐकायला सुरुवात कुठून करावी, तेही सांगा.

बोरूबहाद्दर

मी पहिला. लेख नंतर वाचतो, आधी स्ट्रीट हॉक लावून येतो.

कावेरी_कोथरूड

ते जान हॅमरचं ना? मायामी व्हाइसवाला?

मंद्रसप्तक

नाही हो. काळ तोच, अमेरिकन टीव्हीही तोच, म्हणून तसं वाटतं. पण हॅमर चेक, हे जर्मन. 'ल पार्क'च्या वेळी तिघं होते, फ्रोझे, फ्रांके आणि योहानेस श्मोलिंग. श्मोलिंग त्याच वर्षी बाहेर पडला.

फुकटचा_सल्ला

स्ट्रीट हॉकचे भाग फक्त तेरा होते. आमच्या मनात ती मालिका तीन-चार वर्षं चालली. आणि एका भागात जॉर्ज क्लूनी आहे, मिशीसुद्धा न फुटलेला. बघून घ्या.

वायरमन_विश्वास

छान विषय. सीक्वेन्सर हे प्रकरण नक्की काय असतं ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय फ्रांके कळत नाही.

त्याच्याकडे मूग कंपनीचा मोठा मॉड्युलर सिंथेसायझर होता. कपाटाएवढं धूड, समोरून नुसत्या वायरी. रोलिंग स्टोन्सकडून फिरत फिरत बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत आलेलं आणि तिथून फ्रांकेने घेतलेलं. त्यात ९६० नावाचा एक भाग असतो, तोच सीक्वेन्सर. आठ उभे रकाने, प्रत्येक रकान्यात एकाखाली एक तीन नॉब. नॉब फिरवला की व्होल्टेज बदलतं आणि तेवढाच स्वर वरखाली होतो. दिवा पहिल्या रकान्यापासून आठव्यापर्यंत पळतो, पुन्हा पहिल्यावर येतो. प्रत्येक रकान्याखाली एक खटका असतो. तो एका बाजूला टाकला की दिवा त्या रकान्याला टाळून पुढे जातो. म्हणजे वाजता वाजता आठाचे सात होतात.

आता नुसतं यंत्र चालू करून दिलं तर दोन मिनिटांत डोकं उठेल. फ्रांके ते चालू ठेवून हाताने सतत छेडत असायचा. एक स्वर काढ, दुसरा अर्ध्याने वर चढव, तिसऱ्याचा दम कमी कर, मध्येच एक घर गाळ. हे सुचायला ड्रमरच लागतो. पियानोवाल्याने त्यातून सुरावट काढली असती, याने ठेका काढला.

आणि त्या काळात यातलं काहीही साठवून ठेवता येत नव्हतं. आज जमलेला आवाज उद्या हवा असेल तर सगळ्या वायरी नि नॉब पुन्हा पहिल्यापासून. वर यंत्र तापलं की सूर सरकणार. 'फीड्रा' (फेब्रुवारी १९७४) ऐका. शीर्षकाचा तुकडा सतरा मिनिटांचा आहे आणि त्यात सूर हळूहळू सरकताना चक्क ऐकू येतो. नव्याने आणलेल्या मूगवर प्रयोग चालले होते, टेप चालू होती, जे निघालं ते ठेवलं, वर बासरी नि मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारं कळपट्टीचं वाद्य) चढवलं. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या व्हर्जिनच्या मॅनर स्टुडिओतलं हे काम. रेडिओवर फारसं न वाजता ती तबकडी ब्रिटनच्या यादीत पंधरावी आली.

तिहाई

विश्वासराव, म्हणजे हा आपला लेहराच झाला की! स्वतंत्र तबलावादनात सारंगी किंवा पेटीवाला एकच ओळ धरून बसतो आणि तबलजी त्यावर खेळतो. इथे सीक्वेन्सर लेहरा धरतोय, फ्रोझे वर गिटार नि मेलोट्रॉन खेळवतोय.

वायरमन_विश्वास

अर्धं पटलं. लेहरेवाल्याने ओळ सोडायची नसते, ती त्याची नोकरी. फ्रांके ओळच बदलतो, तीसुद्धा कोणाला न कळता. 'रुबीकॉन'मध्ये (१९७५) एखादा पट्टा सुरू झाला की तिथला स्वर लक्षात ठेवा आणि तीन मिनिटांनी परत तपासा. तो पट्टा राहिलेलाच नसतो. तुमच्याच भाषेत सांगायचं तर लेहरा धरणारा आणि कायदा पलटणारा माणूस एकच.

तिहाई

आणि सम?

वायरमन_विश्वास

सम शोधायला गेलात तर रात्र जाईल. आठाचे सात केल्यावर सम कुठे राहते! त्यातच तर मजा आहे.

तिहाई

मग आमच्या गुरुजींना ऐकवत नाही.

शांताबाई_पुणे३०

आमच्या घरी 'झाइट' लावलं की सासूबाई उठून मेन स्विच बघून येतात.

बोरूबहाद्दर

हा हा हा. 'झाइट' म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू, चार तुकडे. ड्रम नावाला नाहीत. १९७२ साली हे विकत घेणाऱ्या लोकांना साष्टांग दंडवत.

मंद्रसप्तक

त्यात चार चेलोवाले आहेत आणि पोपोल वू बँडचा फ्लोरियान फ्रिके मूग वाजवतो. फ्रांकेच्या हातात तोवर मूग आलाच नव्हता. पुढे फ्रिकेनेही वर्नर हर्झोगच्या चित्रपटांना संगीत दिलं. या मंडळींपैकी निम्मे शेवटी पडद्याकडेच गेले.

रेवा_बर्लिनकर

मी इथे विल्मर्सडॉर्फमध्ये राहते म्हणून थोडी स्थानिक भर. ॲजिटेशन फ्रीची पोरं याच भागातल्या बीट स्टुडिओत सराव करायची. टोमास केस्लर नावाचे स्विस संगीतकार तो चालवायचे. रॉक वाजवणाऱ्या पोरांना समोर बसवून स्टॉकहाउझेन, केज असे प्रयोगशील संगीतकार ऐकवणं, टेप कापून जोडायला शिकवणं, सिंथेसायझर हाताळू देणं, हे सगळं तिथे झालं. फ्रांके ड्रम वाजवतानाच या वाटेला कसा लागला, याचं उत्तर त्या तळघरी शाळेत आहे. बर्लिनच्या त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक मंडळींतले बरेच जण तिथून गेलेत.

कोणी बर्लिनला येणार असेल तर फिलहार्मनीला लागूनच वाद्यसंग्रहालय आहे, टीअरगार्टनच्या कडेला. तिथे मिक्स्टुअर-ट्राउटोनियम ठेवलंय, ओस्कार सालाचं. कळपट्टी नाही. पट्टीवर ताणलेली तार दाबायची, की स्वर. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मधले पक्ष्यांचे आवाज सालाने ट्राउटोनियमवरच काढलेत. म्हणजे बर्लिन, वीज आणि सिनेमा यांचं लग्न फ्रांकेच्या बऱ्याच आधी लागलेलं आहे. मागे माझे बाबा आले होते. त्यांना तिथून बाहेर काढायला संग्रहालयाच्या रखवालदाराला यावं लागलं.

आणि जिथे टँजरीन ड्रीमने जानेवारी १९८० मध्ये पूर्व बर्लिनला कार्यक्रम केला, तो पालास्ट डेर रेपुब्लिक आता पाडून टाकलाय. त्या जागी हुंबोल्ट फोरम उभं आहे. पश्चिमेतला असा बँड त्या बाजूला जाऊन वाजवतो, हे तेव्हा फार मोठं होतं. राहायला चार-पाच किलोमीटरवर, पण मध्ये भिंत.

कावेरी_कोथरूड

रेवा, काय सुंदर माहिती. बाबांना नमस्कार सांग.

फुकटचा_सल्ला

चर्चचा किस्सा कोणी सांगितला नाही अजून? डिसेंबर १९७४, फ्रान्समधलं रँस कॅथेड्रल. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक व्हायचे ते. आधी निको ही गायिका गायली, मग हे तिघं. आत मावतील त्याच्या कितीतरी पट लोक घुसले. बाहेर जायला वाट नाही, शौचालयाची सोय नाही. पुढचं सांगायला नको. नंतर म्हणे त्या वास्तूचं शुद्धीकरण करा अशी मागणी झाली आणि कॅथलिक चर्चने यांना दारं बंद केली. मग हे अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये गेले. पुढच्या वर्षी कॉव्हेंट्रीला वाजवलं.

शांताबाई_पुणे३०

बघा, गणपतीत फिरत्या शौचालयांवरून आपण महापालिकेला उगाच बोलतो.

पडद्यामागे

मूळ मुद्द्यावर येतो. मंद्रसप्तक, तुमची मांडणी अशी आहे की १९८७ पर्यंत 'कलाकार' फ्रांके आणि नंतर 'सिनेमावाला' फ्रांके. ही फाळणी मला मान्य नाही. तो बँडमध्ये असतानाच सिनेमावाला झाला होता.

१९७७ चा 'सॉर्सरर' घ्या. विल्यम फ्रीडकिनने यांना जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका पडीक चर्चमध्ये ऐकलं आणि काम दिलं. पटकथा हातात दिली, चित्रीकरण व्हायचं होतं. यांनी एकही दृश्य न बघता संगीत पाठवून दिलं आणि फ्रीडकिनने ते घेऊन चित्रपट कापला. 'आधी माहीत असते तर एक्सॉर्सिस्टचं संगीत यांनाच दिलं असतं' अशा अर्थाचं त्याने लिहूनही ठेवलंय. चित्रपट साफ आपटला, कारण त्याच उन्हाळ्यात 'स्टार वॉर्स' लागला होता. पण संगीत बघा. खडबडीत रस्त्यावरून स्फोटकांचे ट्रक चाललेत, आणि पडद्यावर घाम गाळणारा माणूस दिसतो तेव्हा खाली फ्रांकेचा सीक्वेन्सर. कुठल्याच व्हायोलिनला ते जमलं नसतं, कारण व्हायोलिन तुम्हाला सांगतं की आता घाबरा. सीक्वेन्सर काहीच सांगत नाही, नुसता थांबत नाही. भीती त्याच्या न थांबण्याची वाटते.

मग मायकेल मानचा 'थीफ' (१९८१). तिजोरी फोडण्याची दृश्यं परत बघा. ड्रिलचा आवाज आणि संगीत यांची शिवण दिसत नाही. गंमत म्हणजे या संगीताला तेव्हा वाईटातल्या वाईटासाठीच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं! आज त्याच आवाजाची नक्कल करून लोक पोट भरतात.

'रिस्की बिझनेस' १९८३. 'लेजंड' १९८५, तिथे तर युरोपात जेरी गोल्डस्मिथचं संगीत आणि अमेरिकेत त्याच चित्रपटाला यांचं. मग 'निअर डार्क'. ऐंशीच्या दशकात हे वर्षाला दोन-दोन, तीन-तीन चित्रपट करत होते, शिवाय अल्बम, शिवाय दौरे. माणूस दमणार नाही तर काय होईल? १९८७ मध्ये तो बाहेर पडला तो थकून. त्याला सिनेमाचा मोह पडला वगैरे म्हणणं अन्याय आहे. सिनेमा तर घरात दहा वर्षं होताच.

बोरूबहाद्दर

'रिस्की बिझनेस' पण टॉम क्रूझ, 'लेजंड' पण टॉम क्रूझ. पोराला मोठं कोणी केलं ते कळलं.

मंद्रसप्तक

पडद्यामागे, प्रतिसाद फार आवडला. पण तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने वळवतो. 'सॉर्सरर'ला त्यांनी दृश्य न बघता संगीत दिलं, म्हणजे आधी संगीत, मग चित्र. पुढे मालिकांमध्ये उलटं झालं. चित्र आलं, त्यावर सेकंद मोजून संगीत बसवा. तिथेच हात आखडला, असं माझं म्हणणं.

डलासचा_देशमुख

मंद्रसप्तक, बॅबिलॉन ५ किती बघितलंय तुम्ही? रागावून विचारत नाही. मी अमेरिकेत एमएस करत असताना ते चालू होतं आणि आम्हा चौघा रूममेट्सचा तो धर्म होता. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पायलटला, म्हणजे १९९३ च्या पहिल्या चित्रपटाला संगीत होतं पोलीस बँडच्या स्ट्युअर्ट कोपलँडचं. १९९४ ला मालिका सुरू झाली तेव्हा फ्रांके आला, आणि पाचही सीझन त्याचेच. एकशे दहा भाग. नंतर पायलटची नवी आवृत्ती काढली तेव्हा त्यालाही फ्रांकेचंच संगीत लावलं, इतका तो त्या मालिकेत मुरला होता.

ही मालिका पहिल्यापासून पाच वर्षांची एकच कथा म्हणून रचलेली होती. त्यामुळे संगीतालाही पाच वर्षांचा पल्ला मिळाला. दर सीझनला शीर्षक संगीत बदलतं. पहिल्या वर्षी त्यात एक भाबडा भारदस्तपणा आहे, जणू सगळं ठीक होणार आहे. तिसऱ्या वर्षी, युद्ध आल्यावर, तेच सूर काळवंडतात. चौथ्यात घाई आहे. मुख्य धून ओळखू येते पण तिची चाल, वाद्यं, वजन, सगळं निराळं. विश्वासराव म्हणाले ना, तीन मिनिटांनी तपासलं तर पट्टा तोच राहिलेला नसतो? तेच त्याने इथे पाच वर्षांत केलं. हात तोच आहे साहेब, फक्त तुम्ही तो सतरा मिनिटांत शोधताय.

दुसरं, वाद्यवृंद. त्या काळी टीव्हीवर अंतराळ म्हटलं की एकतर स्वस्तातला कीबोर्ड, नाहीतर जुना हॉलिवूड थाट. फ्रांकेने १९९१ मध्ये बर्लिन सिम्फॉनिक फिल्म ऑर्केस्ट्रा उभा केला होता. स्वतः लॉस एंजेलिसला बसून लिहायचं, वाजवणारे बर्लिनला, आणि वर स्वतःचे सिंथेसायझर. दोन्ही मिसळून जे येतं त्यात पितळी वाद्य कुठे संपलं आणि यंत्र कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही. त्याच्या स्वतःच्या सोनिक इमेजेस कंपनीने कितीतरी भागांच्या स्वतंत्र सीड्या काढल्या. एखाद्या मालिकेच्या सुट्या भागाचं पार्श्वसंगीत लोक पैसे देऊन घेतात, यावरून काय ते समजा. घेणाऱ्यांत आम्ही होतो, चौघांत एक सीडी.

पुढे १९९९ ला याच विश्वातली 'क्रुसेड' आली आणि तिला दुसरा संगीतकार घेतला. इव्हान चेन वाईट नाही, मुद्दाम वेगळं करून बघितलं त्याने. पण पहिला भाग लागला आणि खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. फ्रांके किती जागा व्यापून होता, ते तेव्हा कळलं.

पडद्यामागे

जे बात!

वायरमन_विश्वास

देशमुख, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

ठोकताल

मी मराठी मालिकांचं पार्श्वसंगीत करतो, त्यामुळे 'सेकंद मोजून' या वाक्यापाशी थांबलो.

आमच्याकडे काम असं चालतं. मालिका सुरू व्हायच्या आधी एक बँक करून द्यायची. नायिकेची धून, तिची आनंदी, दुःखी, बासरीवरची, नुसत्या पियानोवरची आवृत्ती. सासूची धून. संशयाचे दहा-पंधरा तुकडे. धक्क्याचे ठोके, लहान, मध्यम, मोठे. मग रोज संध्याकाळी भाग कापून येतो आणि एडिटच्या शेजारी बसलेला पोरगा त्या बँकेतले तुकडे चिकटवत जातो. रात्री भाग चॅनेलकडे गेला पाहिजे. तीन चेहऱ्यांवर तीनदा तोच ठोका पडतो, तो का पडतो ते आता तुम्हाला कळलं असेल. नवीन संगीत लिहायला मला महिन्यातून एखादा प्रसंग मिळतो. लग्न किंवा मृत्यू.

म्हणून वर्षाला बावीस भाग, प्रत्येक भागासाठी नवीन संगीत, वर खरा वाद्यवृंद, हे वाचून माझ्या पोटात दुखलं. हे 'नेटकं काम' नाही हो, हे अचाट आहे. आणि अशा वेळापत्रकात टिकतो कोण? ज्याची बोटं आधीच ठेक्यात बसलेली आहेत तो. विचार करायला वेळ नसतो तेव्हा सवयच कामाला येते, आणि फ्रांकेची सवय सोळा-सतरा वर्षांची होती. दृश्याच्या लांबीवर संगीत बसवण्यात हात आखडतो हे खरं, पण सीक्वेन्सरवाल्याला ते त्यातल्या त्यात सोपं. दृश्य चार सेकंदांनी कापलं तर एक घर गाळायचं. गाणाऱ्याची ओळ अशी कापता येत नाही.

कावेरी_कोथरूड

ठोकताल, तो मोठा ठोका जरा हळू वाजवा हो. आईचं बीपी वाढतं.

ठोकताल

आवाजाची पातळी चॅनेल ठरवतं, ताई. मी हळूच देतो.

मंद्रसप्तक

देशमुख आणि ठोकताल, दोघांचेही मुद्दे वजनदार आहेत. तरी माझी तक्रार शिल्लक आहे. बॅबिलॉन बाजूला ठेवू. 'युनिव्हर्सल सोल्जर' (१९९२, तोच रोलंड एमेरिकचा) ऐकताना मला फ्रांकेच्या जागी त्या काळातले आणखी पाच जण कल्पिता येतात. १९९१ चा 'पॅसिफिक कोस्ट हायवे' अल्बम तर समुद्रकाठी गाडी चालवताना लावायला. गोड आहे, पण आठवडाभरानंतर एक ओळ आठवत नाही. 'रुबीकॉन'च्या जागी दुसरा कोणी कल्पून दाखवा.

तिहाई

अहो पण माणूस अडतीस वर्षांचा झाला, समुद्र बघायला मिळाला, ऊन मिळालं. सगळं आयुष्य बर्लिनच्या ढगाखाली काढायचं का त्याने, तुमच्यासाठी?

रेवा_बर्लिनकर

फेब्रुवारीत इथे राहून बघा, मग कोणी कॅलिफोर्नियाला गेलं म्हणून दोष देणार नाही.

अणुरेणु

'व्हॉट द ब्लीप डू वी नो' (२००४) या चित्रपटाला संगीत फ्रांकेचं आहे, हे कोणी लिहिलं नाही. पाण्याशी प्रेमाने बोललं की स्फटिक सुंदर होतात वगैरे. पुंजभौतिकीची इतकी वाट क्वचित कोणी लावली असेल.

चैतन्यलहरी

तुम्हाला कळलं नाही म्हणून ते खोटं होत नाही. आपल्या ऋषींनी हेच...

अणुरेणु

आलं! वाटच बघत होतो.

संपादक

पुंजभौतिकी आणि ऋषी यांसाठी वेगळा धागा चालू आहे, सध्या तिथे ४०० प्रतिसाद झालेत. इथे संगीतावर बोलूया. या खालचे सहा प्रतिसाद उडवले आहेत.

अणुरेणु

ठीक. संगीताबद्दलच बोलतो. चित्रपट भंपक, संगीत चांगलं. १९९६ चा 'सेलेस्टाइन प्रॉफेसी' या कादंबरीवरचा त्याचा अल्बमही त्याच वळणाचा. या बाबतीत मी मंद्रसप्तकांच्या बाजूने. नव्वदीत अध्यात्माच्या दुकानांत जो गुळगुळीतपणा विकला जायचा, त्याचा थर त्याच्या कामावर चढला.

पडद्यामागे

तेही मान्य. पण त्याच १९९६ मध्ये त्याने 'टेन्ची मुयो इन लव्ह' या जपानी ॲनिमे चित्रपटाला संगीत दिलंय. ते ऐका, गुळगुळीत अजिबात नाही. त्या काळात जपानी ॲनिमेला हॉलिवूडमधला जर्मन संगीतकार, हा योगच विलक्षण.

फुकटचा_सल्ला

अवांतर : आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरने वाजवले होते. रोलँड कंपनीची ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं. हिंदी चित्रपटसंगीतात साथ करणारा माणूस, घरी बसून सीक्वेन्सरवर भैरवी लावतो. तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, पुढे वीसेक वर्षांनी परदेशातल्या लोकांनी डोक्यावर घेतलं. तिहाईंना हे पटेल, इथे राग आहे.

तिहाई

ऐकलं. आठ मात्रांचं चक्र आणि वर कलावती. गुरुजींना हे ऐकवता येईल. पंखा चालू ठेवून, हळू आवाजात.

वायरमन_विश्वास

अवांतराला धरून एक. ९६० ला आठच घरं होती म्हणून फ्रांके गप्प बसला नाही. पुढे हॅम्बुर्गच्या पीपीजीच्या वोल्फगांग पाल्मकडून आणि बर्लिनच्या प्रोजेक्ट इलेक्ट्रॉनिककडून या बँडने हवी तशी यंत्रं करून घेतली. बाजारात नाही तर बनवून घ्या, अशी वृत्ती. मंद्रसप्तकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. नव्वदीत सगळं बाजारात तयार मिळायला लागलं, संगणकात काहीही साठवता यायला लागलं. भांडायला यंत्रच उरलं नाही. नुकसान बँड सोडल्यामुळे झालं नाही. तो थांबला असता तरी तेच झालं असतं. फ्रोझेचे १९९० नंतरचे अल्बम ऐका आणि सांगा.

मंद्रसप्तक

हे मात्र पटलं. फ्रोझेच्या नव्वदीबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नव्हतं.

डलासचा_देशमुख

मला नाही पटलं, पण उद्या ऑफिस आहे.

नवखा_श्रोता

धागा सकाळपासून वाचतोय. यातलं काहीही कधी ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू ते शेवटपर्यंत कोणी सांगितलंच नाही!

वायरमन_विश्वास

'रुबीकॉन'. दोन बाजू, प्रत्येकी सतरा मिनिटांच्या आसपास. हेडफोन लावून, मोबाइल लांब ठेवून. पहिली काही मिनिटं पट्टा येत नाही, घाबरू नका. आवडलं तर 'फीड्रा', नंतर 'रिकोशे'. 'झाइट'च्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

पडद्यामागे

मी म्हणेन 'थीफ' चित्रपटच बघ. नुसतं संगीत नंतर.

नवखा_श्रोता

'रुबीकॉन' ऐकलं. पहिली बाजू ठीक, दुसरी बाजू दोनदा ऐकली. सुरुवातीला भोंगे आणि माणसांचे आवाज मिसळल्यासारखं काहीतरी होतं, मग पट्टा आला तेव्हा बरं वाटलं. आता बॅबिलॉन ५ बघायचं झालं तर पहिला सीझन गाळला तर चालेल का? बऱ्याच ठिकाणी लोक गाळा म्हणतात.

डलासचा_देशमुख

गाळायचा नाही. नेपथ्य स्वस्त वाटेल, ग्राफिक्स बघून हसू येईल, तरी गाळायचा नाही. आणि शीर्षक सुरू झालं की पुढे ढकलायचं बटण दाबायचं नाही.